वाघ न शोधता जंगलात

वरूडच्या माणसाचं जंगल म्हणजे मेळघाट, नाहीतर घराजवळचं महेंद्री. सागाचं, उन्हाळ्यात पार वाळून जाणारं. तिथं प्राणी पाण्यावर येतो आणि माणूस मचाणावर बसतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची प्राणीगणना याच हिशोबावर चालते. हीच सवय घेऊन आम्ही मित्रमंडळी सिंधुदुर्गात जाऊ लागलो. एकाच जिल्ह्यात वर आंबोलीचं सदाहरित-निमसदाहरित रान आणि खाली मालवणचं प्रवाळ. या येण्याजाण्यातून हाती लागलेलं थोडंफार.

१. पाणवठा विसरा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या सात-आठपट. सगळीकडेच पाणी, मग प्राणी एका जागी येईलच कशाला? बसून राहण्यापेक्षा सावकाश चाला आणि फर्लांगभर दूर पाहण्याऐवजी हातभर अंतरावर पाहा.

२. दगडांना कमी लेखू नका. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, पोचल्यावर आमच्यातला एक जण वैतागला, "इथं काय पाहाचं हाय बाप्पा, दगडच तं हायेत!" वाटाड्यानं जांभ्यातल्या ओंजळभर पाण्याकडे बोट दाखवलं. कडेला अंगठ्याच्या पेराएवढा भेक बसला होता, कुशीवर पिवळसर पट्टे. हा आंबोली टोड. शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते २००९ साली. आंबोली आणि लगतचा टापू सोडला तर तो जगात कुठंच आढळत नाही आणि पावसाळ्यातल्या अशाच उथळ डबक्यांत त्याची वीण होते. त्या डबक्यात आपला एक बूट पडला, तर अख्खी पिढी गेली.

३. हात खिशात ठेवा. बेडकाची कातडी पाणी पिते, तशी औषधंही. डास पळवायचं मलम चोळलेल्या हातानं बेडूक उचलणं म्हणजे त्याच्यावर फवारणी करणंच. पाण्यावर झुकलेल्या पानाला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला, तर तोही हलवू नका. मलबारी उडत्या बेडकाची अंडी त्यात असतात. पिल्लं बाहेर पडून थेट खालच्या पाण्यात पडतात.

४. रात्री वाटाड्याशिवाय फिरू नका. मलबारी चापडा हा विषारी साप हिरवा, पिवळा, तपकिरी अशा कितीतरी रंगांत येतो आणि भक्ष्याची वाट पाहत एकाच फांदीवर तासन् तास निश्चल पडून राहतो. आधाराला धरायची फांदी आधी टॉर्चनं नीट पाहून घ्या. फोटो लांबूनच.

५. आंबोलीजवळच्या हिरण्यकेशीच्या देवळात नुसतं दर्शन घेऊन परतू नका. तिथल्या कुंडात 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा चिमुकला मासा राहतो. २०२० मध्ये तो नवी जात म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाय धुवायला नळ आहे, कुंड नव्हे.

६. मालवणला अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका. इथलं पाणी तेवढं नितळ नसतं. पावसाळ्यात बोटी बंद असतात. थंडीत समुद्र निवला की बरं दिसतं. विहिरीत पोहून तरबेज झालेल्या आम्हा वऱ्हाडी लोकांनाही स्नॉर्केलिंगच्या नळीतून तोंडानं श्वास घेणं आधी कमरेएवढ्या पाण्यात शिकावंच लागतं. धाप लागलेल्याला मासे दिसत नाहीत.

७. प्रवाळावर पाय टेकू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात जे गोलसर खडक दिसतात, त्यांतले काही जिवंत असतात. जवळून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं दिसतात. प्रत्येक छिद्रात एक जीव. असा गोळा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे डोक्याएवढा व्हायला दहा-वीस वर्षं लागू शकतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. प्रवाळ २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आलं, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. शोकेससाठी तुकडा आणणं हा गुन्हा आहे.

८. पाव टाकून मासे गोळा करायला नकार द्या. बोटवाला हे पर्यटकांच्या हौसेसाठी करतो. आपण नको म्हटलं तर तोही थांबतो. पावावर झुंबड उडते ती धीट पट्टेदार माशांची. बुजरे मासे कपारीतच राहतात. पाव न टाकता एका जागी तरंगत राहिलात, की प्रवाळावरचं शेवाळ खरवडणारे मासे आपलं काम पुन्हा सुरू करतात. ते शेवाळ वाढलं तर प्रवाळ गुदमरतं, त्यामुळे या माशांचं पोट शेवाळानंच भरलेलं बरं.

९. ही नजर घरी वापरा. मृगाच्या पहिल्या दमदार सरीनंतर रात्री टॉर्च घेऊन संत्र्याच्या बागेत जा. आळ्यांत पाणी साचलं की बेडूक आलेच. आणि तेवढे दिवस फवारणीचा पंप खोलीतच राहू द्या.