बांधावरचं लिंबू का फळत नाही?

उसाच्या बांधावरचं कागदी लिंबू हिरवंगार, पण फळ नाही, म्हणून कुऱ्हाड लावू नका. झाड चार-पाच वर्षांच्या आतलं असेल तर घाई नको. मोठं असेल तर आम्ही म्हणू, लाड जास्त झाले! उसाचं पाणी अन् युरिया बारमाही मुळाशी पोचतो. झाड पालवीच फोडत बसतं. ताण बसल्याशिवाय फूल नाही.

आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडा: हलक्या जमिनीत महिनाभर, तापीकाठच्या काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. उसाचा ओलावा अडवायला मधे दोन फूट खोल चर काढा. पानं मलूल झाली की घरच्यांना दया येते, कळशीभर पाणी पडतं. तिथंच ताण मोडतो. पाव ते निम्मी पानं गळाली की शेणखत घालून पहिलं पाणी हलकंच द्यावं.