मोबाईलवरचा डॉक्टर : केव्हा उपयोगी, केव्हा घातक?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एका वस्तीवरून माझ्या मोबाईलवर मारलेल्या सापाचा फोटो आला. खाली प्रश्न, "डॉक्टरसाहेब, विषारी आहे का?" मी झोपलो होतो. फोटो पाहिला तेव्हा पाऊण तास उलटला होता. ताबडतोब फोन केला, तर मंडळी मुलाला घेऊन माझ्या उत्तराची वाट पाहत घरीच बसलेली! साप मण्यार होता. रुग्णालयात पोचेपर्यंत मुलाच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. मुलगा वाचला, पण तो पाऊण तास मला अजून टोचतो.

मोबाईलमुळे खेड्यात मोठी सोय झाली, यात शंका नाही. सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळू लागला. स्मार्टफोन नसेल त्यांनी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, साखर तपासून पडद्यावर डॉक्टरांशी बोलणे करून देतात. रक्तदाब-मधुमेहाचा जुना आजार, अंगावरची खाज, रिपोर्ट समजून घेणे, अशा कामांसाठी तालुक्याची खेप आणि दिवसाची मजुरी वाचते. मात्र जुनी चिठ्ठी व चालू गोळ्यांची पाकिटे जवळ ठेवावीत. एखादे औषध सोसत नसेल तर ते आधीच सांगावे.

परंतु वाचकहो, मोबाईलला पोट दाबून पाहता येत नाही, की सलाईन लावता येत नाही. छातीत दुखून घाम फुटणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, झटके, बेशुद्धी, गरोदरपणातील रक्तस्राव, विषबाधा आणि सर्पदंश यांत कोणाच्याही उत्तराची वाट पाहू नये. सरळ १०८ फिरवावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत आहे. गाव, वस्ती व जवळची खूण नीट सांगावी आणि तो फोन मोकळा ठेवावा.

सर्पदंशात सापाच्या फोटोवाचून उपचार अडत नाहीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. साप शोधण्यात, मारण्यात वेळ घालवू नये. दंश झालेला हात-पाय हलवू नये, आवळून बांधू नये, चिरू तर मुळीच नये.

फोटो मला जरूर पाठवा. पण पेशंट गाडीत बसल्यावर!