कोयत्याची धार

मुरबाड तालुक्यात वैशाखरे नावाचे गाव आहे. नाणेघाटाची जुनी वाट या गावाजवळून वर चढते. इथले मुख्य पीक भात. पावसाळ्यापूर्वी शेतकरी झाडांच्या फांद्या तोडून शेताच्या एका तुकड्यावर पसरतात आणि जाळतात. याला राब भाजणे म्हणतात. तिथे भाताची रोपे तयार होतात.

फांद्या तोडायला कोयता लागतो. बोथट कोयता फांदीवरून निसटतो आणि हातापायाला लागतो. म्हणून कामाआधी त्याला धार लावतात.

दगड पाण्याने ओला करतात. पाते त्यावर थोडे तिरपे धरून एका बाजूने घासतात. घासता घासता कडेचे लोखंड अगदी पातळ होते आणि दुसऱ्या बाजूला वळते. ही वळलेली कड नीट दिसत नाही. बोटाला मात्र खरखर लागते.

मुलांनो, इथेच पुष्कळजण फसतात. खरखर लागली, म्हणजे धार आली, असे त्यांना वाटते. पण दोनचार घाव घातले, की ती कड दुमडते किंवा तुटते. कोयता पुन्हा बोथट होतो.

मग ती कड कशी काढतात? आधी पाते उलटून दुसरी बाजू तेवढीच घासतात. नंतर दोन्ही बाजू आळीपाळीने घासतात. प्रत्येक वेळी हात अधिक हलका करतात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावरून पाते हळूच ओढतात. ओढताना पात्याची जाड बाजू पुढे आणि धार मागे ठेवतात.

आता जाड बाजूकडून धारेकडे बोट हलकेच आणून पाहतात. दोन्ही बाजूंना खरखर लागली नाही, म्हणजे काम झाले. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका!

घरातल्या सुरीलाही अशीच धार लावतात. फक्त ती कमी तिरपी धरतात. दातेरी विळा मात्र असा घासू नये. त्याचे दाते झिजतात.

जोर लावून धार येते. पण ती टिकते शेवटच्या हलक्या हातामुळे. हे काम आधी मोठ्या माणसांजवळ बसून पाहा.

शब्दार्थ
बोथट – धार नसलेला
आळीपाळीने – एकदा हे, एकदा ते, अशा क्रमाने
दातेरी – दाते असलेला

स्वाध्याय
१. राब भाजणे म्हणजे काय?
२. खरखर लागली तरी धार आली असे का म्हणता येत नाही?
३. 'बाजू', 'फक्त' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.