हवामानाचा अंदाज हवा तेवढाच उतरवून घ्यावा

मृगाची पेरणी, फवारणी व सोंगणी या तिन्ही कामांत पावसाचा अंदाज वेळेवर हातीं येणें अगत्याचें असतें. गेल्या आषाढांत मीं एक अख्खी फाइल उतरविण्यास घेतली. दिवसाचा डेटा अर्ध्यावरच संपला, अंदाज मिळाला नाहीं, आणि दुपारीं कपाशीवर केलेली फवारणी सायंकाळच्या सरीनें धुऊन गेली. हा तोटा टाळण्याची रीत सोपी आहे. ती शेतकरी बंधूंकरितां येथें देतों.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा साऱ्या पृथ्वीचा 'जी.एफ.एस.' नांवाचा अंदाज दिवसांतून ४ वेळां काढते व तो कोणासही विनामूल्य देते. पाव अंशाच्या जाळ्यांत १४४० गुणिले ७२१, म्हणजे १०,३८,२४० बिंदु पडतात, आणि प्रत्येक बिंदूचे शेंकडों रकाने असतात. म्हणून एकाच तासाची फाइलही शेंकडों मेगाबाइटची होते. परंतु एका गटाचा सातबारा हवा असतां तालुक्याचें सारें दप्तर कोणी घरीं नेत नाहीं. त्या सेवेच्या 'नोमॅड्स' या संकेतस्थळावर 'ग्रिब फिल्टर' नांवाची चाळणी आहे. तिच्यांत तीन गोष्टी ठरवून घ्याव्या.

पहिली, क्षेत्र. गारखेडा सुमारें १९.९ उत्तर अक्षांश व ७५.३ पूर्व रेखांश यांवर आहे. १९ ते २१ उत्तर आणि ७४.५ ते ७६.५ पूर्व एवढाच चौकोन घेतला कीं ९ गुणिले ९, अवघे ८१ बिंदु उरतात.

दुसरी, रकाने. पाऊस, जमिनीपासून २ मीटर उंचीवरचें उष्णमान व आर्द्रता, आणि १० मीटरवरचा वारा एवढें पुरे. वारा पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण अशा दोन रकान्यांत असतो, दोन्ही घ्यावे.

तिसरी, तास. पांच दिवसांकरितां दर तासाच्या १२० फाइली लागतात. सहा-सहा तासांच्या २० पुरतात. येथें मात्र सावध असावें. पावसाची एक बेरीज दर ६ तासांनीं नव्यानें सुरू होते. ती धरून ६, १२, १८, २४ या तासांच्या फाइली घेतल्यास कांहीं सुटत नाहीं. बारा-बारा तासांच्या घेतल्यास निम्मा काळ हिशेबांतून गळतो. शिवाय आरंभापासूनची चालू बेरीज निराळी दिलेली असते. दोन्ही एकत्र मिळविल्यास पाऊस फाजील भरेल. वेळ ग्रिनिचची असते, तींत साडेपांच तास मिळवावे.

असें केल्यानें सारा ऐवज एका मेगाबाइटाच्याही लहानशा अंशांत मावतो, व नेटवर्क मंद असतांही क्षणांत उतरतो. 'एक्सवायग्रिब' या विनामूल्य साधनानें तो उघडतां येतो.

शेवटीं एक सूचना. पाव अंश म्हणजे सुमारें २७ किलोमीटर. एका शिवारांत सर व शेजारीं ऊन, हा भेद या अंदाजास कळत नाहीं. म्हणून भारतीय हवामान खात्याचा इशारा अवश्य पाहावा. चाळणीनें फाइल लहान होते, अंदाज अधिक खरा होत नाहीं.