जुन्या जीपची वीज अडते कुठे?

रत्नागिरीहून पावसकडे निघालात की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की भाट्ये. रस्त्याच्या कडेला सुरूचे बन, पलीकडे पुळण आणि समुद्र. हवा खाण्यासाठी जागा उत्तम. पण गाडी ठेवण्यासाठी? समजा, इथे कोणाच्या अंगणात एक जुनी जीप उभी आहे. महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. इंजिन ठणठणीत आहे, पण दिवे मिणमिणतात, हॉर्न घशात काहीतरी अडकल्यासारखा वाजतो आणि सेल्फ मारला की नुसते ‘खट्’ होते. सगळे म्हणतात, "बॅटरी बसली, नवी आणा." नवी आणली, आणि महिन्याभरात पुन्हा तेच!

दोष बॅटरीत नसेल, तर कुठे असेल? तो शोधण्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक जाण्याची आणि एक परतीची. जीपमध्ये दिव्याकडे जाणारी तार एकच असते. परतीची तार कुठे गेली? ती नाहीच. दिव्यातून बाहेर पडलेला प्रवाह जीपच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परततो. याला मेकॅनिक ‘अर्थिंग’ म्हणतात. जमिनीशी मात्र त्याचा काही संबंध नाही, जीप तर रबरी टायरांवर उभी असते! तांब्याची तार वाचली खरी, पण प्रवाहाचा अर्धा रस्ता आता नटबोल्ट, पत्रे आणि गंज यांच्या हवाली झाला.

थोडे गणित करू. १२ व्होल्टवर ४८ वॉटचा दिवा ४ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा रोध ३ ओहम. आता दिव्याच्या बोल्टखाली गंज चढला आणि तिथे १ ओहम रोध आला असे धरा. एकूण रोध ४ ओहम, प्रवाह ३ अँपिअर. दिव्याच्या वाट्याला येतात ९ व्होल्ट आणि २७ वॉट. उरलेले ३ व्होल्ट गंज खातो. (तापमानाप्रमाणे दिव्याच्या तारेचा रोध बदलतो, तो आपण कायम धरला आहे.) उजेड तर याहूनही जास्त घटतो, कारण तार कमी तापली की तिच्या ऊर्जेतला फार थोडा भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो.

सेल्फची गोष्ट आणखी गमतीची. इंजिन फिरवताना तो सहज १५० अँपिअर मागतो. बॅटरीच्या टर्मिनलवर फक्त ०.०५ ओहम रोध असला, तरी १५० गुणिले ०.०५ म्हणजे साडेसात व्होल्ट तिथेच खर्ची पडायला हवेत. मग सेल्फला उरणार काय? तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही. आणि त्याच टर्मिनलमधून ४ अँपिअरचा दिवा चालवताना नुकसान होते अवघे ०.२ व्होल्ट. म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे टर्मिनल ठीक आहेत’ हा युक्तिवाद फसवा आहे. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपांची बॅटरी तर ६ व्होल्टचीच असे. तितक्याच वॉटसाठी प्रवाह दुप्पट, आणि गमावायला व्होल्ट निम्मे. त्यांना गंज किती महाग पडत असेल, ते तुम्हीच काढून पाहा.

आता भाट्याची हवा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की त्यांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जाते आणि मीठ पत्र्यावर बसते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेच हे. म्हणजे पाऊस न पडताही जीप खाऱ्या पाण्याने ओली राहते. त्यात तारेचे टोक तांब्याचे, पत्रा लोखंडाचा आणि मध्ये खारे पाणी. दोन वेगळे धातू आणि एक द्रावण: हा तर विद्युत्‌घटच झाला! या नको असलेल्या घटात झिजते ते लोखंड, आणि नेमके बोल्टच्या खाली, जिथे आपली नजर पोचत नाही.

ही जागा शोधायची युक्ती सोपी आहे. एक लांब तार घ्या. तिचे एक टोक बॅटरीच्या ज्या टर्मिनलची तार बॉडीला गेली आहे तिथे धरा, दुसरे मिणमिणणाऱ्या दिव्याच्या धातूच्या बैठकीला टेकवा. दिवा एकदम उजळला, तर परतीची वाट बिघडलेली आहे. बोल्ट काढा, पत्रा आणि टोक काचकागदाने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. रंगावर बोल्ट आवळू नका. रंग वीज वाहू देत नाही.

सेल्फसाठी दुसरी परीक्षा. हेडलाइट लावा आणि कोणालातरी सेल्फ दाबायला सांगा. दिवे विझत आले, तर बॅटरी खरोखर बसलेली आहे किंवा तिचे टर्मिनल खराब आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले, तर प्रवाह सेल्फमधून वाहतच नाही. मग स्विच, त्याच्या तारा आणि इंजिनाची परतीची वाट तपासा. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, म्हणून ते बॉडीला जोडायला एक जाड पट्टी लावावी लागते. ती तुटली की प्रवाह दुसरी वाट धरतो: चोकची किंवा अॅक्सिलरेटरची बारीक तार. सेल्फ मारल्यावर चोकची तार गरम लागते ती यामुळे. मला हा दोष फार आवडतो, कारण तो स्वतःचा पत्ता स्वतःच सांगतो.

असाच चुकलेला प्रवाह मागच्या दिव्यात भेटतो. ब्रेकचा आणि रात्रीचा दिवा पुष्कळदा एकाच बल्बमध्ये असतात. तारा दोन, परतीची वाट एक. ती तुटली, तर ब्रेक दाबल्यावर प्रवाह दुसऱ्या तारेतून उलटा शिरतो आणि पुढचे छोटे दिवे मिणमिणवून परततो. मागचा लाल दिवा मात्र धड पेटत नाही. रात्री भाट्याच्या पुलावर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही थांबताहात हे कळणार कसे?

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल, तर ती खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा. आम्ल निष्क्रिय होते. पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. हे काम मोठ्या माणसाबरोबरच करा. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, पण पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तो लालभडक होतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी ओढू नका. आणि तार सोडवताना बॉडीला जोडलेली आधी सोडवा. मग दुसरी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तरी मंडल पुरे होत नाही.

रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर सगळे स्विच बंद करा, बॉडीची तार सोडवा आणि ती तार व तिचे टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. तो पेटला, तर वीज कुठेतरी गळते आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्या फांदीत दोष. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर जुन्या जीपमध्ये डायनामोच्या कटआउटकडे वळा. डायनामो थांबला की कटआउटने त्याची बॅटरीशी असलेली वाट तोडायची असते. त्याचे संपर्क चिकटून राहिले, की बॅटरी उलट डायनामोलाच प्रवाह पुरवत बसते. तार सोडवण्याआधी, रात्रभर उभ्या असलेल्या जीपच्या डायनामोवर हात ठेवून पाहा. तो कोमट लागला, तर चोर सापडला.