वसंताचे राग आणि रसांचे कोष्टक

संगीत आणि भावना यांच्या नात्याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीपासून झालेला आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. शांत हा नववा रस पुढे मान्य झाला. कोणत्या रसाला कोणते स्वर योग्य, हेही भरतांनी नमूद केले आहे. आधुनिक काळात पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांचे तीन वर्ग करून असाच विचार मांडला. रे-ध कोमल असणारे राग शांत व करुण रसांना, रे-ध शुद्ध असणारे शृंगाराला आणि ग-नी कोमल असणारे वीररसाला अनुकूल, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोष्टके प्रिय असतात. परंतु कोष्टक हाती आले की ते ताडून पाहावे, असेही हिशेबतपासणी शिकविते. वसंत ऋतूचे म्हणून मानले गेलेले तीन राग घेऊन हा ताळा करून पाहू.

पहिला राग वसंत. पूर्वी थाटातील या रागात रे व ध कोमल आणि दोन्ही मध्यम लागतात. कोष्टकाप्रमाणे हा शांत किंवा करुण असावयास हवा. पण त्याची सारी ओढ तार षड्जाकडे. द्रुत त्रितालात तो ऐकला की उत्सवच वाटतो. दुसरा बहार. काफी थाट, गांधार कोमल, निषाद दोन्ही. हा वीररसाचा ठरावा. प्रत्यक्षात तो चंचल आणि खेळकर आहे. तिसरा हिंडोल. कल्याण थाटातील या रागात ऋषभ-पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र, धैवत शुद्ध. त्याला शृंगाराच्या खान्यात टाकावे, तर गमकांनी भरलेले त्याचे चलन जोमदार व धीरगंभीर! तिन्ही ठिकाणी ताळा जमत नाही.

मग शास्त्र चुकले काय? तसे नव्हे. उत्तर भरतांच्याच रससूत्रात सापडते. विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रसनिष्पत्ती होते, असे ते सांगतात. वसंत ऋतू हा उद्दीपन विभाव आहे. म्हणजे तो भावना निर्माण करीत नाही, असलेली भावना चेतवितो. जवळ असलेल्यांचा आनंद त्याने वाढतो आणि दुरावलेल्यांचे दुःखही. म्हणून त्याच दिवसांत होरीमध्ये रंगाची धमाल असते, तर चैतीमध्ये बहुधा वाट पाहणाऱ्या स्त्रीची व्याकुळता. स्वरांचेही तसेच असावे. लय, बंदिशीचे शब्द, स्वराचा लगाव आणि आधी काय गायले गेले, या सर्वांच्या संयोगाने रस ठरतो. एकटा कोमल गांधार कोणाला शूर करीत नाही.

हे समजण्यास मोठ्या सभागृहापेक्षा बैठक बरी. पाश्चात्यांचे चेंबर म्युझिकही मुळात खोलीतलेच संगीत. तेथे श्वास ऐकू येतो, दाद तत्काळ मिळते. एकाच ऋतूभोवती संपूर्ण मैफल गुंफण्याचा मोठा प्रयोग पं. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांनी केला. 'गीत वर्षा', 'गीत हेमंत' आणि 'गीत वसंत' या कार्यक्रमांत त्यांनी रागांतील बंदिशींना माळव्याच्या लोकगीतांची जोड दिली. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचे मूळ नाव. जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कन्नड, कर्मभूमी देवास. आणि त्यांची गायकी मराठी श्रोत्यांनी जिवापाड जपली.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयात वसंत ऋतूत तीन छोट्या बैठका व्हाव्यात: पहिली उल्हासाची, दुसरी विरहाची, तिसरी शांत रसाची. तानपुरे, तबला, संवादिनी आणि एक सतरंजी एवढी सामग्री पुरे. तिन्ही दिवशी एक राग सामाईक ठेवावा. लय आणि बंदिश मात्र बदलावी. शेवटच्या बैठकीत अभंग व वचन दोन्ही असावेत. रागाचे नाव आधी सांगू नये. श्रोत्यांनी आपल्याला काय जाणवले ते मराठीत वा कन्नडमध्ये चिठ्ठीवर लिहावे. दोन्ही भाषांतील चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर रसाची ओळख पाठांतराने नव्हे, अनुभवाने होईल. आणि मासिकाच्या दोन विभागांत वाटले गेलेले आपण एका सतरंजीवर बसून एकच स्वर ऐकू.