अभ्यासपाठ : खारजमीन, भात आणि घरचे बियाणे



या तिमाहीच्या पाठासाठी मी पनवेलचाच विषय घेतला आहे. आपल्या वाड्यांवरची ठाकूर व कातकरी कुटुंबे लावणी-कापणीला खाडीकाठच्या खारजमिनीत मजुरीला जातात. काही जण अर्धेलीने तेथे भातही करतात. बांधाला खांड पडून भरतीचे पाणी आत आले, की पीक जाते, मजुरी जाते आणि वर्षाचे धान्यही जाते. म्हणून मीठ भाताला कसे मारते, हे समजून घेऊ.

मीठ दोन प्रकारे मारते. पहिले, खाऱ्या मातीत मुळांना पाणी ओढता येत नाही. बचत गटाच्या बैठकीत एका बाईंनी विचारले, "खाडीचं पाणी प्यायलं तर तहान वाढते, तसंच ना?" होय, तसेच. पाण्यात उभे असूनही रोप तहानलेले राहते. दुसरे, मिठातला सोडियम पाण्याबरोबर वर चढतो आणि पानांची टोके करपतात. मातीची क्षारता डेसीसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. साधे भात सुमारे ३ एककांपर्यंत तग धरते. पुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न जवळजवळ १२ टक्क्यांनी घटते.

तरीही काही भाते टिकतात. कोकणातील काळा राता व भुरा राता, केरळातील पोक्काली, बंगालमधील नोना बोकरा ही जुनी भाते शेतकऱ्यांनीच पिढ्यानपिढ्या राखली. शास्त्रज्ञांनी त्यांचाच अभ्यास केला. पोक्कालीत भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर क्षार सोसण्याचा गुण सापडला. त्या भागाला 'सॉल्टॉल' म्हणतात. २००५ साली नोना बोकरामधील त्याच गुणसूत्रावरचे एक जनुक नेमके ओळखले गेले. ते राखणदारासारखे काम करते. वर चढणाऱ्या पाण्यातून सोडियम मागे खेचते, त्यामुळे पानांपर्यंत तो कमी पोहोचतो. हा गुण साध्या संकराने दुसऱ्या भातात आणता येतो. बाहेरच्या जिवाचे जनुक घालावे लागत नाही.

आपल्या गावातही हे काम चालते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे क्षार सोसणारे वाण तेथलेच.

यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. प्रयोगशाळेने जे शोधले, ते गरिबाच्या कणगीत आधीपासून होते. नवे वाण जरूर घ्या, पण जुने बियाणे संपवून टाकू नका. एकदा ते गेले, की त्यातला गुणही गेला. दुकानात तो विकत मिळेलच असे नाही. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. फक्त ते छापील नाममुद्रा लावून विकता येत नाही.

करून पाहण्यासारखे :

१. पावसाआधी बांध व उघाडी दुरुस्त करा. पहिल्या सरींचे पाणी शेतात साठवून, ओहोटीला उघाडीतून सोडा. त्याबरोबर मीठ धुऊन जाते. मगच पेरा.

२. उन्हाळ्यात जमीन उघडी राहिली, की ओल वर येऊन उडते आणि मीठ माथ्यावर साचते. जमेल तेथे पेंढ्याचे आच्छादन करा.

३. पेरणीआधी १०० दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. किती रुजले ते मोजा. कमी रुजले तर ते बी पेरू नका.

४. जुने भात असेल तर निरोगी लोंब्या वेगळ्या काढून, वाळवून, नाव लिहून ठेवा.

गटात चर्चेसाठी :

• आपल्या वाडीत कोणत्या जुन्या भातांची नावे आजही वडीलधाऱ्यांना आठवतात?

• त्यांतले कोणते बियाणे आज कोणाच्या घरी आहे? नसेल तर कोणत्या नातलगाकडून मूठभर आणता येईल?

• बांधाची दुरुस्ती कोण करते, आणि त्यात मजुराचे म्हणणे ऐकले जाते का?

उत्तरे लिहून आपल्या कार्यकर्त्याकडे द्या. भातांच्या नावांची यादी आपण मिळून तयार करू.